पावणेदोन एकरांचे मैदान



थंडी पडू लागली की मोठ्या शहरांत रस्त्याकडेला स्वेटर विकणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. आपण त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणून मोकळे होतो. त्यांतले पुष्कळसे तिबेटी असतात. आणि काही तिबेटी कुटुंबे आपल्याच महाराष्ट्रात शेती करतात, हे शहागडच्या पारावर सांगितले तर कोणी खरे मानणार नाही.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले. मागोमाग हजारो माणसे आली. सरकारने त्यांना ठिकठिकाणी वसवले. आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली नॉर्ग्येलिंग वसाहत झाली. मराठवाड्यात दुष्काळी कामांवर आपण खडी फोडत होतो, तेच वर्ष! थंड मुलखात सातू पिकवणारी ही जमात भाताच्या बांधीत उतरली.

शेतीवर भागत नाही म्हणून हिवाळ्यात स्वेटरचा धंदा. तरणी मुले शिक्षणाला नाहीतर परदेशी. मग समाज एकत्र राहावा कसा? त्यांनी एक साधन धरले, ते फुटबॉलचे. १९८१ साली दलाई लामांच्या मातोश्री वारल्या. ही बाई मूळची शेतकऱ्याघरची. त्यांच्या नावाने त्याच साली स्पर्धा सुरू झाली. भारत-नेपाळातल्या वसाहतींचे संघ तीत उतरतात. खेळ तर होतोच, पण पांगलेले नातेवाईकही भेटतात, आपल्याकडे जत्रेला लेकी माहेरी येतात तसे.

३० जून २००१ रोजी तर त्यांचा संघ डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला ग्रीनलंडशी खेळला. चीनने विरोध केला, तरी सामना झाला. पहिला गोल तिबेटचा; शेवटी चार-एकने हरले. जागतिक फुटबॉल संघटनेची मान्यता त्यांना नाही. पण ज्यांना आपला देश उरला नाही, त्यांनी आपला झेंडा मैदानात पाहिला. त्या दिवशी हरल्याचे दुःख किती जणांना झाले असेल, मला शंकाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, कपाशीवरच्या बोंडअळीचे सोडून हे काय काढले? कारण सांगतो. दसरा झाला की आपल्या भागातली कितीतरी बिऱ्हाडे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. चैतापर्यंत गावात म्हातारी माणसे आणि कुलपे. परत आलेल्या पोरांना एकमेकांची ओळख नवी करावी लागते. त्यांना जमायला जागा कोणती? टपरी!

फुटबॉलचे पुरे मैदान सुमारे पावणेदोन एकरांत बसते. कबड्डी-खोखोला तर काही गुंठे पुरतात. गावाचे गायरान कडेकडेने नांगरले जात आहे, ते बहुतेकांना ठाऊक आहे. येत्या ग्रामसभेत एवढाच विषय मांडा: मोजणी करून खेळापुरता तुकडा राखायचा. आणि सामने ठेवाल ते ऊसतोडीची माणसे परतल्यावर, पेरणीच्या आधी ठेवा.