सॉफ्टवेअर मालकासाठी नको, मुकादमासाठी घ्या



एक-दोन बंगल्यांची कामं हातात आली की बांधकाम धंद्यातला नवा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो, "सर, प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" मी त्याला उलटा प्रश्न विचारतो. तुझ्या साइटवर पैसा कुठे गळतोय, ते तुला माहीत आहे का? बहुतेकांचं उत्तर असतं, "सर, तेच कळावं म्हणून तर सॉफ्टवेअर घ्यायचंय." इथेच माझा आणि त्यांचा वाद सुरू होतो. सॉफ्टवेअर गळती शोधत नाही. तुम्ही जे भरता तेच ते नीटनेटकं करून तुम्हाला परत दाखवतं. साइटवरून चुकीची हजेरी आली तर रंगीत तक्त्यातही चुकीचीच हजेरी दिसणार.

म्हणून आधी गळतीचं बोलू. छोट्या कॉन्ट्रॅक्टरचा पैसा मुख्यतः तीन ठिकाणी जातो: हजेरी, माल आणि तोंडी सांगितलेलं जादा काम.

हजेरी घ्या. समजा तुमच्याकडे पंधरा माणसं आहेत आणि रोज फक्त दोन हजेऱ्या जास्त लागतायत. कोणी दुपारी आला त्याचा पूर्ण दिवस धरला, कोणाचा खाडा होता तो मांडलाच नाही. ७०० रुपये रोजाने दिवसाचे १,४०० आणि २६ दिवसांचे ३६,४०० रुपये. यात मुकादम चोर आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा तो दिवसभर राबून रात्री आठवून आठवून वहीत लिहितो, आणि आठवणीवर लिहिलेली हजेरी नेहमी वाढतेच, कमी होत नाही. त्यात उचल वेगळी. कोणाला मंगळवारी ५०० दिले, कोणाला गावी जायला २,००० दिले, आणि पगाराच्या दिवशी साइटवर अर्धा तास भांडण. ज्या गावात बाजाराच्या दिवशी पगार होतो तिथे तर माणसाला बाजार गाठायचा असतो, तो थांबून तुमचा हिशोब ऐकत बसत नाही.

आता माल. इथे सॉफ्टवेअरच्या आधी गणित यायला हवं. १,००० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर काँक्रीट. एम-२० चं नेहमीचं एकास दीडास तीन प्रमाण धरलं तर घनमीटरला साधारण ८ बॅगा सिमेंट लागतं. म्हणजे ९५ बॅगांच्या आसपास, बीम वेगळे. थोडं नुकसान धरून १०० म्हणा. तुमच्या साइटवर त्याच स्लॅबला १२० लागल्या तर २० बॅगा कुठे गेल्या? बॅग ३५० रुपयांची धरली तरी ७,००० रुपये झाले, तेही एका स्लॅबचे. सळईचंही तसंच. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र प्रत्येक सुपरवायझरला तोंडपाठ असतं. १२ एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण १०.७ किलो. गाडी उतरताना नग मोजून चलनावरच्या वजनाशी ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. रोलिंगमध्ये थोडा फरक पडतो, पण तो किती हे तरी कळतं. ही दोन मिनिटं कोणी देत नाही आणि मग सगळे म्हणतात, मटेरियल ट्रॅकिंगचं अ‍ॅप पाहिजे.

तिसरी गळती माझ्या मते सगळ्यात मोठी आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. घरमालक साइटवर येतो, चहा पितो आणि जाताजाता म्हणतो, "ही भिंत दोन फूट इकडे घ्या ना, आणि बाथरूमला वरपर्यंत टाइल्स." तुम्ही मान डोलावता. सहा महिन्यांनी शेवटच्या बिलात तुम्ही ते लावता, तेव्हा तो म्हणतो, "हे तर आधीच ठरलं होतं." ना कागद, ना तारीख. अशा वेळी कोणतंही सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाका, "साहेब, आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक बदल, अंदाजे खर्च इतका, कृपया हो कळवा." त्याचं "हो" आलं की मगच गवंड्याला सांगा. अ‍ॅपमध्ये जादा कामाच्या मंजुरीची सोय असली तर फारच छान, पण सवय आधी लागली पाहिजे.

या तीन गळत्या समोर ठेवल्या की सॉफ्टवेअरच्या बाजाराकडे बघायची नजर बदलते. विक्रीवाला डेमोत तुम्हाला काय दाखवतो? गँट चार्ट. आडव्या रंगीत पट्ट्या, एक काम संपलं की दुसरं सुरू. बघायला सुंदर. मोठ्या पुलाच्या, मेट्रोच्या किंवा वीस मजली टॉवरच्या कामाला तो लागतोच. तिथे प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरतात आणि ते चालवायला पगारी प्लॅनिंग इंजिनिअर असतो. मोठ्या टेंडरमध्ये अटच असते, तेव्हा प्रश्नच मिटतो. अमेरिकेतलं प्रोकोरही तिकडच्या मोठ्या कंपन्यांच्या कामाच्या पद्धतीवर बेतलेलं आहे. तुमच्या दोन बंगल्यांच्या वेळापत्रकात मुळात किती गोष्टी असतात? स्लॅब ओतण्याआधी इलेक्ट्रिशियनचे पाइप पडले पाहिजेत, प्लास्टरआधी प्लंबरचं फोडकाम झालं पाहिजे, सेंटरिंगचे टेकू ठरल्या दिवसांआधी काढायचे नाहीत. आयएस ४५६ नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. ही तारीख साइटवरच्या पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली तर सेंटरिंगवाल्यालाही दिसते. ऑफिसातल्या लॅपटॉपमधली पट्टी त्याला दिसत नाही.

आणि खरं बोलायचं तर छोट्या कामाचं वेळापत्रक बऱ्याचदा घरमालकाच्या पुढच्या हप्त्यावर चालतं. तो हप्ता कधी येणार हे कुठल्याच गँट चार्टला माहीत नसतं!

माझं मत स्पष्ट आहे. एक-दोन साइट असतील आणि रोज तुम्ही स्वतः तिथे जात असाल, तर विकतचं सॉफ्टवेअर घेऊ नका. छापील हजेरी वही, मालाच्या आवक-जावकचं रजिस्टर आणि गुगल शीट, एवढं पुरतं. तिसरी साइट सुरू झाली आणि तुम्ही रोज सगळीकडे पोचू शकत नाही, तेव्हा घ्या. तेव्हासुद्धा हजेरी, उचल, माल आणि फोटो एवढंच नीट करणारं घ्या. पॉवरप्ले, ऑनसाइट अशी भारतात बनलेली मोबाइल अ‍ॅप्स याच गरजेसाठी आहेत. (मी यातलं काही विकत नाही, आणि उद्या यापेक्षा चांगलं आलं तर ते घ्या.) हिशोबासाठी तुमचा अकाउंटंट टॅली वापरत असेल तर वापरू दे. साइटचं अ‍ॅप आणि टॅली हे एकाच डब्यात कोंबायचा हट्ट सुरुवातीला नको.

पण निवड कोणी करायची? बहुतेक मालक रात्री घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ बघतात, सवलतीचा मेसेज येतो, "आज रात्री बारापर्यंत वर्षाचे पैसे भरा," आणि भरून टाकतात. दर माणशी दराचं गणित नीट करा. समजा महिना ५०० रुपये एका माणसाचे आणि आठ माणसं, तर वर्षाचे ४८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४० रुपये. तीन महिन्यांनी मुकादमाने भरायचं बंद केलं तर हे पैसे कोणाचे गेले?

म्हणून मी म्हणतो, मुकादमाला निवडू द्या. त्याच्या हातात त्याचाच मोबाइल द्या, तोच चिरलेल्या काचेचा, आणि सांगा, "दादा, आजची हजेरी यात लाव." तुम्ही शेजारी उभे राहा पण बोलू नका. पंधरा माणसांची हजेरी तीन-चार मिनिटांत लागली नाही तर ते अ‍ॅप कितीही स्वस्त असो, तुमच्या कामाचं नाही. तो मराठी वाचतो की हिंदी, की तेलुगू किंवा कन्नड, तेही बघा. अनेक मुकादम अक्षर वाचायला कचरतात पण आकडे आणि चेहरे पक्के ओळखतात, त्यांना नावापुढे फोटो असलेली यादी सोपी जाते. मग फोनचं नेट बंद करून बघा. तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, गावाबाहेरच्या प्लॉटवर रेंज नसते. नेट आल्यावर भरलेली माहिती आपोआप वर जाते का? गेली नाही, तर मुकादम दुसऱ्या दिवशी पुन्हा भरणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

यानंतर पंधरा दिवस एकाच साइटवर वही आणि अ‍ॅप दोन्ही सोबत चालवा. पगाराच्या दिवशी दोन्हींची बेरीज जुळवा. फरक आला तर कोणावर ओरडू नका, फरक का आला ते बघा. अर्ध्या दिवसाची हजेरी कशी लावायची हेच त्याला कळलेलं नसतं, ओव्हरटाइम कुठे टाकायचा हे माहीत नसतं. हे पंधरा दिवस मुकादमाला चार पैसे जास्त द्या. तो दुप्पट काम करतोय.

एक गोष्ट आणखी, आणि ती मालकांना सांगावी लागते. अ‍ॅप म्हणजे माणसांवर पाळत, असा निरोप साइटवर गेला तर संपलं. पहिल्या दिवसापासून "लोकेशन चालू ठेव, सेल्फी पाठव" सुरू केलंत तर चांगला गवंडी शेजारच्या साइटवर जाईल, त्याला कामाची कमी नाही. उलट त्यांचा फायदा सांगा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी कामगाराला मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्या बांधकामावर १ टक्का उपकर जातो तो याच कामगारांसाठी. पण दाखला मागायला माणूस आला की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "बघतो," कारण त्याच्याकडे नोंदच नसते. तुमच्याकडे तारखेनिशी हजेरी असेल तर पाच मिनिटांत खरा दाखला देता येतो. मुलांची शिष्यवृत्ती, इतर योजना, हे सगळं त्या नोंदणीवर उभं असतं. असा मालक कामगार सोडत नाहीत, आणि मिस्त्री सीझनमध्ये टिकून राहणं म्हणजे काय, हे या धंद्यात सांगायला नको.

पैसे भरण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा. माझी सगळी माहिती एक्सेलमध्ये कधीही बाहेर काढता येईल का? वर्ष संपल्यावर मी पैसे भरले नाहीत, तर जुन्या साइटचा हिशोब मला दिसेल का? पगार रविवारी असेल तर रविवारी फोन उचलणारा माणूस आहे का? उत्तर "सर, टीमला विचारून सांगतो" असं आलं, तर ते लेखी येईपर्यंत थांबा. आणि खातं उघडताना नंबर फर्मचा द्या, सुपरवायझरचा नको. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्या खिशात आणि तुमचा सहा महिन्यांचा हिशोबही त्याच्याच खिशात.

ज्यांना बिल्डरकडून कामं घ्यायची आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा: महारेरात नोंदलेल्या प्रकल्पाची प्रगती बिल्डरला दर तिमाहीला भरावी लागते. त्यामुळे त्यांचा इंजिनिअर तुमच्याकडे तारखेचे फोटो आणि झालेल्या कामाची मापं मागणारच. ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे ती तयार असतात त्याचं आरए बिल पुढे सरकतं, बाकीचे मापं शोधत बसतात. त्यामुळे अ‍ॅप निवडताना फोटोवर तारीख आणि जागा उमटते का, आणि काम आरसीसी, वीटकाम, प्लास्टर असं वेगळं काढता येतं का, ते याच वेळी तपासून घ्या.

या आठवड्यात मात्र काही विकत घेऊ नका. येत्या पगाराच्या दिवशी मुकादमाची वही घ्या, त्याच्याच शेजारी बसा आणि गेल्या चार आठवड्यांच्या हजेऱ्या, उचल आणि शिल्लक एका कागदावर काढा. मग शेवटच्या स्लॅबच्या सिमेंटच्या बॅगा वर सांगितलेल्या गणिताने मोजा. तो कागद घेऊनच डेमोला बसा.