नवोदयाची यादी आणि गावची शाळा

मराठवाड्यातील एका दुष्काळी तालुक्यातून आमच्या एका साथींचे पत्र आले आहे. पत्र खासगी असले तरी त्यात विचारलेला प्रश्न खासगी नाही. म्हणून नाव-गाव वगळून त्याची येथे चर्चा करणे आम्हांस आवश्यक वाटते. या साथींची थोरली मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत शिकते. जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तिची निवड झाली. गावात पेढे वाटले गेले, ग्रामपंचायतीने तिचा सत्कार केला. आता कागदपत्रे दाखल करण्याची मुदत तोंडावर आली असताना साथी विचारतात : निवडक मुलांसाठी निवडक शाळा ही विषमतेचीच नवी उतरंड आहे, असे मी वीस वर्षे अभ्यास शिबिरांतून सांगत आलो. आता माझ्याच मुलीचे नाव यादीत आहे. तिला पाठवले तर मी खोटा ठरतो, न पाठवले तर तिचा अपराधी ठरतो. मी काय करावे?

पत्राच्या शेवटी त्यांनी एक ओळ सहज लिहिली आहे. त्यांचा धाकटा मुलगा त्याच शाळेत दुसरीत आहे आणि त्या शाळेत पाच वर्गांना मिळून दोन शिक्षक आहेत. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म त्या ओळीत आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी येऊच.

नवोदय विद्यालये आकाशातून पडलेली नाहीत. राजीव गांधींच्या शासनाने १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि आपल्या महाराष्ट्रातील अमरावती अशा दोन ठिकाणी हा प्रयोग सुरू केला आणि १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यावर शिक्कामोर्तब केले. धोरणाच्या भाषेत या ‘गतिनिर्धारक’ शाळा होत्या. ज्यांची बुद्धी तेज आहे त्यांना पैशाच्या अभावी मागे राहावे लागू नये, आणि या शाळांच्या संगतीने परिसरातील इतर शाळांनीही पाऊल उचलावे, असा त्यांचा हेतू सांगितला गेला. यातील पहिला हेतू बऱ्याच अंशी साधला हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दुसरा मात्र मुख्यतः कागदावर राहिला. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात भिंतीआड उभ्या असलेल्या विद्यालयाने आसपासच्या खेड्यांतील शाळांची गती निर्धारित केली, असा अनुभव आमच्या कार्यकर्त्यांच्या गाठी क्वचितच असेल.

त्याच धोरणाची दुसरी बाजूही स्मरणात ठेवण्याजोगी आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात देशभर फिरून अहवाल लिहिला. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. श्रीमंतांची आणि गरिबांची मुले शेजारच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसावीत, ही समान शाळा पद्धतीची कल्पना त्या आयोगाने मांडली. १९६८ च्या धोरणाने ती स्वीकारली आणि १९८६ च्या धोरणानेही तिचा पुनरुच्चार केला. म्हणजे ज्या दस्तऐवजात समान शाळेचे वचन आहे त्याच दस्तऐवजात निवडक शाळेची योजना आहे! एका नवोदय विद्यालयासाठी राज्य शासनाने सुमारे तीस एकर जमीन विनामूल्य द्यावयाची. आणि उरलेल्या लक्षावधी मुलांच्या प्राथमिक शाळेसाठी? त्यांच्यासाठी खडू-फळा योजना, म्हणजे दोन बऱ्या खोल्या, निदान दोन शिक्षक आणि काही शैक्षणिक साहित्य. एका लेखणीने लिहिलेली ही दोन मापे आहेत. १९९० साली आचार्य राममूर्ती यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या धोरणाचा फेरविचार करताना समान शाळा पद्धतीचा पुन्हा आग्रह धरला. तो अहवालही कपाटात गेला.

आता निवडीकडे पाहू. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात. अलीकडच्या वर्षांत देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले सुमारे पन्नास हजार जागांसाठी या परीक्षेला बसतात. परीक्षा दोन तासांची, शंभर गुणांची. त्यातले पन्नास गुण बौद्धिक क्षमतेच्या आकृत्यांना, पंचवीस गणिताला आणि पंचवीस भाषेला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. त्या दिवशी ताप असेल, तर पुढच्या वर्षी परत बसता येत नाही. या आकृत्यांनी जन्मजात बुद्धी मोजली जाते असे ज्यांस वाटते त्यांनी तालुक्याच्या बाजारपेठेत एक फेरी मारावी. नवोदयाच्या मार्गदर्शिका आणि सराव प्रश्नसंच वह्यांच्या दुकानात मिळतात. शिकवणी वर्गांच्या फलकांवर गेल्या वर्षी निवडल्या गेलेल्या मुलांची छायाचित्रे झळकतात. ज्या घरात फी भरण्याची ऐपत आहे, किंवा निदान संध्याकाळी शेजारी बसून आकृत्या समजावून सांगणारा कोणी आहे, तेथील मूल आधीच काही पावले पुढे असते.

आणि जे मूल परीक्षेच्या दिवशी गावातच नसते त्याचे काय? बीडपासून पाथर्डीपर्यंतच्या ऊसतोड कुटुंबांचे वर्ष दिवाळीच्या आगेमागे फडावर जाण्याने सुरू होते आणि चैत्राच्या सुमारास परतण्याने संपते. अलीकडे नवोदयाची परीक्षा हिवाळ्यातच होते, म्हणजे गळीत हंगामाच्या भरात. त्या दिवशी त्या घरची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळीत असते. तिची बुद्धी कोणी मोजली? तिला नापास कोणी केले नाही हे खरे, कारण तिला प्रश्नपत्रिकाच मिळाली नाही. गुणवत्तेच्या यादीत जी नावे नसतात त्यांचा हा हिशेब कोणत्याही निकालपत्रात छापला जात नाही.

इतके लिहून झाल्यावर साथींना ‘मुलीला पाठवू नका’ असे सांगणे सोपे होते. आम्ही तसे सांगणार नाही, कारण नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, किमान एक तृतीयांश मुलींसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव आहेत. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके यांचा भार पालकांवर पडत नाही. आठवीनंतर काही विद्यार्थ्यांकडून मासिक निधी घेतला जातो, परंतु मुली त्यातून मुक्त आहेत. नववीत तीस टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी हिंदी भाषक प्रदेशातून अहिंदी प्रदेशात आणि इकडून तिकडे जातात. कोरडवाहू शिवारातली मुलगी चौदाव्या वर्षी परप्रांतात राहून तिथली भाषा आणि तिथली माणसे जाणून येते, ही राष्ट्रीय एकात्मतेवरील शंभर भाषणांहून मोलाची गोष्ट आहे. ज्या भागात मुलींची लग्ने आजही अजाणत्या वयात उरकली जातात, तेथे बारावीपर्यंत निर्धास्त शिक्षणाची हमी ही चैन नव्हे. मुलीच्या पायातील बेडी सैल होण्याची ती संधी आहे.

वसतिगृहाची परंपरा आपल्याला परकीही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची उभारणी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि निरनिराळ्या जातींची मुले एका छताखाली, एका पंक्तीला आणली. परंतु या दोघांच्या दृष्टीत एक भेद होता, तो नीट ध्यानी घेतला पाहिजे. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली खरी, पण तेवढ्यावर न थांबता १९१७ साली संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. भाऊराव बोर्डिंगे काढीत असतानाच खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळाही काढीत गेले. महात्मा फुल्यांनी तर १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्टच बजावले होते की, सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळून रयतेच्या प्राथमिक शाळेकडे पाठ फिरवणे हा अन्याय आहे. या तिघांनीही हुशार मुलाला पुढे जाण्यापासून रोखले नाही. त्याला पुढे काढल्याने बाकीच्यांचे कर्तव्य फिटले, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही.

आजच्या शासनाचा अपराध नेमका हाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास बंदी केली, पण त्याच कायद्यात नवोदयास ‘विशिष्ट प्रवर्गा’त बसवले आणि तेथील चाळणी चालूच राहिली. सर्वसामान्य शाळेसाठी त्या कायद्याचे माप काय आहे? पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. म्हणजे साथींच्या गावात पाच वर्गांना दोन शिक्षक आहेत ही कायद्याची पायमल्ली नसून कायद्याचे पालन आहे! त्यातून एक मतदार याद्यांच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की दुसऱ्याने पाचही वर्ग हाकावयाचे. याच महाराष्ट्रात २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या शेकडो शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. वरच्या मजल्यावर ८० मुलांसाठी दिवा लावावयाचा आणि तळमजल्यावरची वीज तोडावयाची, असा हा कारभार आहे.

आता आमच्या चळवळीविषयी दोन कटू शब्द. साथींना स्वतःच्या प्रामाणिकपणाची शंका आली, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवरून समान शाळेवर बोलणाऱ्या आम्हा पुढाऱ्यांपैकी कितीजणांची मुले-नातवंडे महापालिकेच्या शाळेत गेली? भरमसाट फी आकारणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ती गेली तेव्हा कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत पाठवावीत असे बजावले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तोच नियम पक्षसभासदत्वाला लावण्याचा ठराव मात्र आम्ही कधी मांडला नाही. असे असता तत्त्वनिष्ठेची सारी किंमत दुष्काळी तालुक्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलीकडून वसूल करणे हा समाजवाद नव्हे. मोठ्यांच्या व्रताचा उपास लहानांना घडवू नये.

म्हणून आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. साथी, मुलीला अवश्य पाठवा. तिने ती जागा सोडली तर समान शाळा एका दिवसानेही जवळ येणार नाही. प्रतीक्षा यादीतील पुढचे नाव वर सरकेल, इतकेच. अन्याय व्यवस्थेचा असेल तेव्हा व्यक्तीने संधी नाकारून तो दूर होत नाही. तो संघटित मागणीनेच दूर होतो. मात्र जाण्यापूर्वी तिला एकदा विचारा. वसतिगृहात राहावयाचे आहे ते तिला. घरची ओढ लागून पहिल्या वर्षी रडणारी मुलेही असतात, हे तिला आधी सांगा आणि तिचा निर्णय तिच्या तोंडून ऐका. आणि आणखी एक गोष्ट तिच्या कानावर घाला : निवड झाली म्हणजे आपण वर्गातल्या इतर मुलांहून श्रेष्ठ ठरलो, असे नव्हे. आपल्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण त्या दिवशी फडावर होती.

आता पत्रातील शेवटच्या ओळीकडे. आमच्या साथींची खरी कसोटी मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी लागणार नाही, ती त्यानंतर लागेल. थोरलीची सोय झाली की घराचे लक्ष धाकट्याच्या शिकवणी वर्गाकडे वळते, आणि गावच्या शाळेचा सर्वांत जागरूक पालक निःशब्दपणे शाळेबाहेर पडतो. निवडक शाळा गावातून एक हुशार मूल नेते तेव्हा त्याच्याबरोबर भांडणारा बापही जातो, ही तिने घेतलेली सर्वांत मोठी किंमत आहे. ती द्यावयाची की नाही हे मात्र साथींच्या हातात आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावयास हवेत आणि निम्म्या स्त्रिया. मुलगा दुसरीत आहे, म्हणजे साथींची किंवा त्यांच्या पत्नीची त्या समितीवरील जागा आणखी काही वर्षे अबाधित आहे. ती अडवून ठेवावी. तिसरा शिक्षक मिळेपर्यंत ग्रामसभेत ठराव करावेत, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात धरणे धरावे. ऊसतोडीस जाणाऱ्या घरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह दिवाळीपूर्वी सुरू होते की शिमग्याला, यावर पहारा ठेवावा.

पक्षाच्या जिल्हा शाखांनीही हा लढा एकट्या साथींवर सोपवू नये. प्रत्येक वर्गाला एक शिक्षक, हे किमान माप कायद्यात यावे. पट कमी म्हणून वाडीवस्तीवरची एकही शाळा बंद होऊ नये. नवोदयाने आपली प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मैदान परिसरातील शाळांना ठरलेल्या दिवशी खुले करावे. या तीन मागण्या घेऊन येत्या जूनमध्ये प्रत्येक तालुक्यात उभे राहता येईल. त्या मोर्चात साथींनी नवोदयात शिकणाऱ्या मुलीचा बाप म्हणूनच पुढे चालावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जे आपल्या मुलीला मिळाले ते फडावरच्या मुलीलाही मिळाले पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला आहे?