साखरेबरोबर पायही तपासा

तिशीपुढच्यांच्या मधुमेह तपासणीत रक्तातील साखरेबरोबर पायही तपासलेच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाढलेली साखर पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटवते, जखमेतला दाह शमू देत नाही आणि नसा बधिर करते. म्हणून शिरूर-दौंडच्या फडात उसाच्या बुडख्याने कापलेला मधुमेहीचा पाय अनेकदा दुखत नाही आणि लवकर भरतही नाही. चिघळल्यावर पुणे गाठले, तरी कित्येकदा बोट वाचत नाही. मनुष्यबळ अपुरे, हा आक्षेप खरा. पण नायलॉनच्या तंतूने तळव्याची संवेदना पाहायला काही मिनिटे पुरतात. गाळप हंगामापूर्वी न्हावरे, पाटससह दोन्ही तालुक्यांत जिल्हा परिषदेने ही तपासणी सुरू करावी, आणि त्यातून ऊसतोड मजुरांना वगळू नये.