बंदुकीला हार, नळीला गंज

आम्हांला शस्त्रांची पूजा करता येते. शस्त्र पुसता मात्र येत नाही. हे विधान पुष्कळांना झोंबेल. झोंबावे म्हणूनच ते आरंभी घातले आहे. परवाच्या दसऱ्याला गावोगाव शस्त्रपूजन झाले, भाषणे झाली, मनगटांचा आणि रक्ताचा उदोउदो झाला. पण ज्या शस्त्रांपुढे ही वाणी पाझरली, त्यांतले एखादे उचलून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का, एवढे तरी कोणी पाहिले? कित्येक जुन्या घरांत तर पूर्वजांची तलवार म्यानातून निघतच नाही. मग कुंकू म्यानालाच लावायचे, झेंडूचा हार मुठीला घालायचा आणि "आमच्या पणजोबांची बरं का!" असे पाहुण्यांना सांगायचे. पणजोबा ती धरीत कशी, हे मात्र कोणी विचारू नये.

मला हे सुचले ते इंग्लंडात. मुलाच्या बिऱ्हाडी काही महिने राहायला गेलो असता शेजारचे एक निवृत्त शिक्षक मला बिस्लेला घेऊन गेले. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात हे ठिकाण आहे. तिकडची राष्ट्रीय रायफल संस्था १८५९ साली निघाली आणि १८९० साली तिचा मुक्काम विंबल्डनहून हलून येथे आला. आज विंबल्डन म्हटले की लोकांना टेनिस आठवते. पण तिथल्या माळावर तीस वर्षे दरसाल नेमबाजीचा मेळा भरत असे. असो. त्या रविवारी एका क्लबाची चढाओढ होती आणि अट एकच : बंदूक जुनी, लष्करी आणि शिपायाच्या हातात होती तशीच असली पाहिजे. दुर्बीण नाही, कलाकुसर नाही. इंग्रजांची ली-एन्फील्ड, जर्मनांची आणि स्वीडनची मौझर, रशियनांची मोझिन-नागां आणि एका टोकाला विक्टोरिया राणीच्या काळची मार्टिनी-हेन्री. एके काळी एकमेकींवर रोखल्या गेलेल्या या बंदुका सतरंज्यांवर शेजारी शेजारी निजल्या होत्या. बोल्ट सगळ्यांचे उघडे, पोटे रिकामी.

आणि नेमबाज कोण? पेन्शनर, एक परिचारिका, दोन सुतार, कॉलेजातली एक मुलगी. छाती फुगवून चालणारा एकही नाही. त्या मुलीने मला पहिला धडा दिला : बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिचे तोंड माणसाकडे वळता कामा नये. आता आपल्याकडे पाहा. याच दिवाळीत आपण पोराच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल देतो, ते घेऊन बाळ प्रथम आत्याच्या तोंडावर नेम धरते आणि सगळे घर कौतुकाने हसते. तिकडे मोठ्या माणसाने एवढे केले असते, तर त्याला त्या क्षणी हाताला धरून बाहेर काढले असते.

दुपारपर्यंत माझी नेमणूक चरात होती. निशाणांच्या पायथ्याशी मातीच्या बांधाआड खोल चर असतो. त्यात उभे राहून निशाणाची चौकट खाली ओढायची, भोक शोधायचे, तिथे लहानशी तबकडी खोवायची आणि चौकट वर चढवायची. तिकडे २०० यार्डांवर पडलेल्या नेमबाजाला मग आपली गोळी कुठे लागली ते कळते. स्पर्धक हे काम आळीपाळीने करतात. कारण उघड आहे : जो दुसऱ्याची भोके मोजतो, त्याला आपल्या गोळीचा अर्थ समजतो. डोक्यावरून गोळी जाते तेव्हा चाबूक कडाडल्यासारखा आवाज होतो आणि पाव सेकंदाने दुरून बंदुकीचा जाड, दबका बार ऐकू येतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने धावते, म्हणून ती आधी आणि तिची वर्दी मागून. शाळेत हे मी वाचले होते. चरात उभा राहिलो तेव्हा एकदम लक्षात आले की ज्याला ती लागते त्याला बार ऐकूच येत नाही. शौर्यावर बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याला व्यासपीठावर चढवण्यापूर्वी अर्धा तास त्या चरात उभे करावे, अशी माझी सूचना आहे. भाषण आपोआप आखूड होईल.

नंतर पाहुणा म्हणून माझ्या हाती बंदूक आली. आपल्याकडे पोलिसाच्या खांद्यावर आपण सर्वांनी जिला पाहिले तीच थ्री नॉट थ्री. वजन सुमारे ४ किलो. दहा गोळ्या पोटात मावतात. पाच-पाचच्या पत्र्याच्या चापांतून त्या वरून दाबून भरायच्या. १९१४ पूर्वीच्या गोऱ्या शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या मारून दाखवाव्या लागत. हे रक्तातून येत नाही हो! रोज सकाळी तेच ते करून येते. माझे किती गुण झाले, याचा या लेखाशी संबंध नाही. खांदा मात्र चार दिवस ठणकत होता.

त्या बंदुकीच्या गळ्याशी मुकुट कोरलेला होता आणि खाली तीन इंग्रजी अक्षरे : जी, आर, आय. विलायतेत घडलेल्या बंदुकीवर दोनच अक्षरे असतात, राजा जॉर्ज एवढ्यापुरती. तिसरे अक्षर 'सम्राट' या अर्थाचे, आणि ते हिंदुस्थानात घडलेल्या बंदुकीवर. म्हणजे ही बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्याची लेक! मालकांच्या डबीत एक जुने रिकामे काडतूसही होते, त्याच्या बुडावर के आणि एफ. खडकीचा दारूगोळा कारखाना. पुण्याजवळच्या खडकीचे नाव मला सरेमधल्या एका परक्या गृहस्थाने वाचून दाखवावे!

खरा इतिहास त्या मार्टिनी-हेन्रीपाशी उलगडला. १८५७ नंतर इंग्रजांनी एक धोरण धरले : देशी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागची बंदूक ठेवायची. गोऱ्याच्या नळीत आटे, म्हणून त्याची गोळी दूर आणि सरळ जाई. देशी शिपायाला १८५८ साली मुद्दाम गुळगुळीत नळीची बंदूक घडवून दिली. गोऱ्याला मार्टिनी मिळाली तेव्हा याला स्नायडर. गोऱ्याला आठ-दहा गोळ्यांची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा याला मार्टिनी, एका वेळी एकच गोळी. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या चौकीत २१ शीख शिपाई पडले, ते ही एकबारी बंदूक हातात धरून. आपण त्यांच्यावरचे चित्रपट पाहतो, शिट्या वाजवतो. पण त्यांच्या हाती ती मागची बंदूक का होती, हे किती प्रेक्षकांना ठाऊक आहे? ती मार्टिनी एकदा भरून, उडवून, धूर निवळेपर्यंत थांबून, पुन्हा भरून पाहिली की हे सांगावे लागत नाही.

१९१४ साली आमचे शिपाई फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले तेव्हा तिथे त्यांच्या जुन्या बंदुका बदलून नव्या देण्यात आल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांना खंदकात उतरवले. कुतच्या वेढ्यात पूना डिव्हिजनच्या मराठा पलटणी होत्या; २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे तुर्कांच्या स्वाधीन झाले आणि कैदेच्या वाटेवर माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. महाराष्ट्रात कित्येक गावांत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके परत आले नाहीत. पाटीखाली आपण सायकली टेकवतो. त्या 'इतक्या' माणसांनी काय उचलले, काय खांद्यावर सोसले, हे समजण्याचा एक मार्ग अजून शिल्लक आहे आणि तोच आपण बंद करून ठेवला आहे.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, गांधींच्या देशात हे काय चालवले आहे? त्यांनी ध्यानात घ्यावे की भारताची राष्ट्रीय रायफल संस्था १९५१ साली निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती आणि गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेले गृहस्थ. दुसरा म्हणेल, बंदुका मोकळ्या सोडल्या तर गुंडांचे फावेल. मोकळ्या सोडा असे म्हणतोय कोण? विलायतेत पोलिसांच्या दाखल्यावाचून या रायफलीला हात लावून घरी नेता येत नाही, घरी ती लोखंडी कपाटात कुलपात ठेवावी लागते, आणि १९९६ साली एका शाळेत मुलांची हत्या झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी पिस्तुले बंद केली. एवढा कडक कायदा असूनही मी पाहिला तो रविवार तिथे होतो. तिसरे म्हणतील, आपल्याकडे तेजस्विनी सावंत झाल्या, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक आणले, आणखी काय हवे? त्यांचे कौतुक मला तुमच्याइतकेच आहे. पण दोघांच्या पदकांनी बारा कोटींचा खांदा तयार होत नाही, आणि त्यांची बंदूक हे खेळाचे नाजूक यंत्र आहे. आजोबांच्या हातातली ती नव्हे.

त्या आजोबांच्या बंदुकीचे आपण काय केले? लष्करी काडतुसाची म्हणून ती सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. शिकाऱ्यांसाठी ईशापूरने त्याच घाटाची तीनशे पंधरा बोरची निराळी बंदूक काढली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला. इतरत्रही ती मागे पडते आहे. मागे पडली की एक तर वितळवली जाणार, नाही तर काचेच्या कपाटात, खाली चिठ्ठी, वर धूळ.

माझी मागणी लहान आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या बंदुकांपैकी चाळीस-पन्नास तरी भट्टीत जाऊ देऊ नका. त्या पोलिसांच्याच ताब्यात, त्यांच्याच कुलपात राहू द्या. वर्षातून दोन रविवार पोलिसांच्या चांदमारीवर, जाणत्या हवालदाराच्या देखरेखीखाली, नाव नोंदवून आलेल्या माणसाला पाच गोळ्या मारू द्या, आणि तेवढाच वेळ चरात उभे करा. बायकांनाही बोलवा, घरात किल्ला करणाऱ्या मुलांना लांबून बघू द्या. आणि बार संपल्यावर घरी जायची घाई करू देऊ नका. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहतात, हवेतला ओलावा ओढतात आणि रात्रीतून गंज धरवतात. म्हणून त्याच दिवशी नळीतून कढत पाणी ओतावे लागते, मग कोरडी करून तेल द्यायचे. थ्री नॉट थ्रीच्या दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा असतो. त्यातले लहानसे झाकण सरकवले की आत तेलाची कुपी आणि नळी पुसायची दोरी. घडवणाऱ्याने ती तिथे शंभर वर्षांपूर्वीच ठेवून दिली आहे.