उडी आकाशांतली, काळजी कानांची

ह्या सदरांतून ऋतुचर्या, मुलांचा अभ्यास, वृद्धांचा आहार अशा विषयांवर मीं आजवर पुष्कळ लिहिलें. तेरा हजार फुटांवरून विमानाबाहेर उडी टाकणाऱ्या माणसानें आपले कान कसे सांभाळावे, हा विषय माझ्या लेखणीस कधीं शिवेल असें मात्र वाटलें नव्हतें. तो घरांतूनच आला, म्हणून लिहितों.

माझ्या धाकट्या बंधूची नात नोकरीनिमित्त दुबईस असते. मुलगी हुषार, वयाच्या आठव्या वर्षापासून गाणें शिकलेली, आणि हट्टी. गेल्या हिवाळ्यांत तिनें व तिच्या मैत्रिणींनीं तेथें 'स्कायडायव्हिंग' करावयाचें ठरविलें. समुद्रांत भर घालून ताडाच्या झाडाच्या आकाराचें जें बेट तेथें तयार केलें आहे, त्याच्यावर ही उडी टाकतात. नवख्यास एकटें सोडीत नाहींत. शिक्षकाच्या छातीशीं पट्ट्यांनीं बांधतात, आणि दोघें मिळून खालीं येतात. तारीख महिनाभर आधीं ठरलेली, पैसे भरलेले, मैत्रिणी जमलेल्या; आणि नेमक्या त्या सकाळीं तिला सपाटून पडसें आलें.

आईनें भ्रमणध्वनीवरून 'जाऊं नकोस' म्हणून सांगितलें. परंतु सूनबाईंच्या मनांत भय होतें तें उंचीचें, पडशाचें नव्हे. आणि उंचीचें भय मुलीनें त्यांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें होतें कीं तिनें तिकडे लक्ष दिलें नाहीं. प्रकृतीविषयींच्या प्रश्नापुढें तिनें 'उत्तम' असें लिहिलें आणि ती विमानांत बसली. वर जातांना कांहीं झालें नाहीं. खालीं पडूं लागल्यावर मात्र डाव्या कानांत कोणी अंगठा खुपसावा तसें झालें, आणि पॅराशूट उघडल्यावरहि तें दुखणें थांबेना. त्या रात्रीं तिनें तंबोरा लावला, तेव्हां डाव्या कानास षड्ज रांजणांतून आल्यासारखा ऐकूं येत होता. ती रात्र आपण रडून काढली, असें तिनें मला पुढें सांगितलें. आईस अजून सांगितलेलें नाहीं. (आतां हें वाचून कळेल. सूनबाई, रागावूं नका.)

तेथील डॉक्टरांनीं पाहिलें तों पडद्याच्या मागें रक्त साखळलेलें. पडदा फाटला नव्हता हें दैव. तीन आठवड्यांनीं कान पूर्ववत् झाला.

असें कां व्हावें, हें समजण्यास कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे. पडद्याच्या आंत एक लहानशी हवेची खोली आहे. तिला बाहेर जाण्यास एकच वाट. ती म्हणजे नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या भागांत उघडणारी एक अरुंद नळी. सोळाव्या शतकांतील इटालियन शारीरशास्त्रज्ञ युस्टाकी ह्याच्या नांवानें ती जगांत ओळखली जाते; आपण तिला कंठकर्णनलिका म्हणूं. एरवीं ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळतों किंवा जांभई देतों तेव्हां ती क्षणभर उघडते, आंतली व बाहेरची हवा समसमान होते, आणि आपणांस त्याची वार्ताहि नसते.

तेरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें सहा-दशांश असतो. वर चढतांना कानांतली हवा फुगते, आणि बहुधा ती स्वतःच नळी ढकलून बाहेर पडते. उतरतांना प्रकार उलटा. जुन्या वाड्याचें दार जसें आंतून ढकललें तर उघडतें आणि बाहेरून ढकललें तर चौकटींत अधिकच घट्ट बसतें, तसें ह्या नळीचें आहे. बाहेरचा दाब वाढत जातो; नळी वेळेवर उघडली नाहीं तर पडदा आंत ओढला जातो, ताणतो, आणि आंतल्या नाजूक केशवाहिन्या फुटतात. पडशानें नळीचें तोंड सुजलेलें असेल तर ती गिळूनहि उघडत नाहीं.

प्रवासी विमानांतून जाणारे म्हणतील, आम्हीं पडशांतहि प्रवास केला आहे. खरें, परंतु त्या विमानांत हवा दाबून भरलेली असते, आंतला दाब सहसा आठ हजार फुटांवरील दाबाहून कमी होऊं देत नाहींत, आणि तें विमान उतरावयास अर्धा तास घेतें. आकाशउडीच्या विमानांत अशी सोय नसते. आणि उडी टाकल्यावर मनुष्य ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगानें पडतो. जें अर्ध्या तासांत व्हावयाचें तें मिनिटाच्या आंत होतें.

हें दुखणें उडीहूनहि जुनें आहे. १७८३ सालच्या १ डिसेंबर रोजीं पॅरिस येथें जाक शार्ल नांवाच्या पदार्थवैज्ञानिकानें हायड्रोजन भरलेल्या बलूनांतून सोबत्यासह उड्डाण केलें. खालीं आल्यावर सोबती उतरला, आणि हलकें झालेलें बलून एकट्या शार्लला घेऊन झपाट्यानें सुमारें तीन हजार मीटर वर गेलें. मावळलेला सूर्य त्याला पुन्हा दिसला. आणि त्याच वेळीं उजव्या कानांत व जबड्यांत असह्य वेदना सुरू झाल्या. त्यानें झडप उघडून वायु सोडला व तो खालीं आला. पुढें तो जन्मांत कधीं बलूनांत बसला नाहीं. त्याचें दुखणें चढतांना सुरू झालें; बहुतेकांचें उतरतांना होतें, एवढाच भेद.

ह्यावर उपाय साधा, परंतु वेळेवर केला तर. नाक चिमटींत धरावें, तोंड मिटावें आणि हळूच फुंकावें. कानांत 'टप्' असा आवाज झाला कीं दाब सम झाला. हा प्रकार व्हालसाल्व्हा नामक इटालियन वैद्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा कर्णविषयक ग्रंथ १७०४ सालचा. परंतु 'हळूच' हा शब्द विसरूं नये. जोरानें फुंकल्यास आंतल्या कानास इजा होऊं शकते. पडतांना हात मोकळे नसतात, आणि तोंड झाकणारें शिरस्त्राण असेल तर नाकापर्यंत बोट पोहोंचतच नाहीं. म्हणून नुसतें गिळून किंवा जबडा पुढें हलवून नळी उघडण्याची संवय जमिनीवरच करावी लागते. पॅराशूट उघडल्यावर पुढचीं पांच-सहा मिनिटें उरतात, त्यांत पुन्हा पुन्हा गिळावें. दुखूं लागण्याची वाट पाहूं नये. आणि नाक चोंदलें असेल तर उडी टाकूंच नये. नाकांत फवारा मारून तात्पुरतें मोकळें झालेलें नाक ऐन वेळीं पुन्हा चोंदूं शकतें. त्याच्या भरंवशावर चार किलोमीटर खालीं यावयाचें म्हणजे उधारीवर यात्रा करणें होय.

मुलगी रजेवर घरीं आली, तेव्हां तिच्या आजीनें, म्हणजे माझ्या भावजयीनें, लसणीचें तेल कोमट करून आणलें. मीं वाटी अर्ध्या वाटेंत धरली. भावजयीस राग आला. साठ वर्षांचा उपाय तो. परंतु पडदा दुखावला आहे कीं फाटला आहे हें वैद्यानें पाहिल्यावांचून कानांत तेल, पाणी, औषध कांहींहि घालणें धोक्याचें. उडीनंतर कान दुखत राहिला, रक्त आलें, भोंवळ आली किंवा एका कानानें ऐकूं येईनासें झालें, तर त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें.

खरा प्रसंग पुढेंच आला. रात्रीं जेवतांना मुलगी म्हणाली, "मला पुन्हा जावयाचें आहे. ह्या वेळीं एकटीनें उडी टाकण्याचा सगळा अभ्यासक्रम करावयाचा आहे." सूनबाईंनीं ताट सारलें. भावजय म्हणाल्या, "लग्नाच्या वयांत हीं सोंगें कसलीं?" त्यावर मुलीनें पुण्याच्या शीतल महाजन ह्यांचें उदाहरण दिलें. ह्या बाईंनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर उडी टाकली, २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं थायलंडांत नऊवारी नेसून त्या आकाशांतून उतरल्या. नऊवारीचें नांव निघतांच भावजय किंचित् नरमल्या. मग मुलगी माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही सांगा."

उंचीविषयीं बोलण्याचा अधिकार मला नाहीं, कानाविषयीं आहे. एकोणिसाव्या वर्षीं दिवाळींत सुतळी बाँब माझ्या डाव्या कानाशेजारीं फुटला. त्या दिवसापासून त्या कानांत बारीक शीळ चालू आहे. हें लिहितांनाहि आहे. कमी ऐकूं येतें हें मीं शाळेंत कधीं कोणास कळूं दिलें नाहीं. कान असा बिघडतो तेव्हां आधीं जातात ते बारीक, उंच स्वर. आणि 'श', 'ष', 'स' हीं अक्षरें त्यांवरच उभीं असतात. मी संस्कृत शिकविणारा! एका वर्षीं एका मुलानें 'सकल' असें वाचलें. मीं त्यास 'शकल म्हणूं नकोस' म्हणून सर्वांदेखत टोकलें. त्यानें पुन्हा वाचलें, मीं पुन्हा टोकलें. वर्ग हंसला, तो मुलगा हंसला नाहीं. त्याचें बरोबर होतें हें पुढच्या बाकावरील मुलाच्या चेहऱ्यावरून मला कळलें. मीं मात्र कबूल केलें नाहीं. त्या मुलानें पुढल्या वर्षीं संस्कृत सोडलें.

म्हणून मीं तिला सांगितलें, दाबाचें दुखणें ओरडून येतें आणि बहुधा बरें होतें. आवाजाचें दुखणें मुकाट्यानें येतें आणि बरें होत नाहीं. आंतल्या कानांत शंखाच्या पिळासारखी नळी आहे. तींत ध्वनि टिपणाऱ्या रोमपेशी प्रत्येक कानास सुमारें १५ ते १६ हजार. त्या मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. कोंबडीस उगवतात, मनुष्यास नाहींत. विधात्यानें येथें पक्षपात केला आहे.

८५ डेसिबेलचा आवाज दिवसांत आठ तास सोसावा, आणि दर ३ डेसिबेल वाढीस ती मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेचा प्रसिद्ध दंडक आहे. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. मोकळें पडतांना कानावरून जाणारा वारा शंभराच्या पुढें जातो. परंतु तें एकच मिनिट. जन्मांत एकदां उडी टाकणाऱ्यास त्याची फारशी धास्ती नको. एकटीनें उडी शिकावयाची म्हणजे मात्र एका दिवसांत चार-पांच वेळां वर जावयाचें, आणि दर वेळीं पंधरा-वीस मिनिटें त्या लहान विमानाच्या घरघरींत, पुष्कळदां इंजिनाशेजारीं बसावयाचें. वारा भयंकर वाटतो म्हणून सर्वांचें लक्ष त्याच्याकडे. कानाचें जमाखर्च मांडून पाहिलें तर मोठा खर्च विमानांतच होतो. शिक्षक तर वर्षानुवर्षें हेंच करतात.

कापसाचा बोळा येथें जवळजवळ निरुपयोगी आहे. आवाज त्यांतून सहज जातो. फेसाळ रबरासारखे मऊ बोळे औषधांच्या दुकानांत मिळतात. ते बोटांनीं बारीक वळावे, दुसऱ्या हातानें डोक्यावरून कानाची पाळी वर व मागें ओढावी, बोळा आंत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटानें धरून ठेवावा. नुसता तोंडाशीं अडकवलेला बोळा म्हणजे दाराला कडी न लावतां झोपणें. मात्र उतरतांना घट्ट बोळ्याच्या आंत हवा अडकून पडद्यास त्रास होऊं शकतो. म्हणून उडीसाठीं बारीक छिद्राचे वा गाळणी बसविलेले बोळे घ्यावे. त्यांतून हवा ये-जा करते, आवाज कमी होतो, पण बंद होत नाहीं. ह्याचा दुसरा लाभ असा कीं उंची सांगणारें जें यंत्र शिरस्त्राणांत कानाजवळ वाजतें तें ऐकूं येतें. नवशिक्यास जमिनीवरून रेडिओनें सूचना देतात. त्या बोळ्यांतून ऐकूं येतात कीं नाहीं हें जमिनीवरच पाहून, शिक्षकाच्या संमतीनें काय तें ठरवावें. कान वांचविण्यासाठीं सूचना चुकविणें हा उलटा व्यापार होय. संपूर्ण तोंड झाकणाऱ्या शिरस्त्राणानें वाऱ्याचा आवाज बराच उणा होतो. आणि शिकण्यास आरंभ करण्यापूर्वीं कानांची तपासणी करून तिचा कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढें उणें-अधिक कळतें. मीं तो कागद कधीं केला नाहीं.

मुलीनें सगळें टिपून घेतलें. सूनबाईंनीं संमति दिली नाहीं, परंतु ताट पुन्हा पुढें ओढलें.

जातांना तिनें बोळ्यांची एक डबी मलाहि आणून दिली. अनंतचतुर्दशीस ते घालून मी मिरवणुकींत उभा राहिलों. ढोल पोटांत वाजत होता, कानांत नाहीं. शेजारीं वडिलांच्या खांद्यावर बसलेलें एक पोर दोन्ही कान हातांनीं दाबून रडत होतें. दुसरी जोडी मीं त्याच्या वडिलांपुढें केली. त्यांनीं ती हंसून परत केली.

गेल्या आठवड्यांत दुबईहून निरोप आला : "आजोबा, पहिल्या धड्याची तारीख होती, पण सकाळपासून शिंका येत आहेत. पुढें ढकललें." भावजयींनीं तो तीनदां वाचविला. उडी रद्दच झाली असें त्या समजून चालल्या आहेत. मीं कांहीं बोललों नाहीं.