किशनजी मारला गेला. लालगढचं काय?



मागच्या आठवड्यात एका पाड्यावर बैठकीला गेलो होतो. विषय नेहमीचाच, वनहक्काचे दावे. बाहेर ओट्यावर चार-पाच पोरं मोबाईलवर एक फोटो बघत होती. तोंडाला गमछा, खांद्याला बंदूक, कॅमेऱ्याकडे पाठ. किशनजी. २४ नोव्हेंबरला बंगालच्या जंगलात तो मारला गेला, ती बातमी तोपर्यंत सगळीकडे झाली होती.

त्यातलं एक पोरगं मला म्हणालं, "दादा, तीन वर्षं झाली, आपण दावे भरतोय. पंचनामा झाला, जुनी दंडाची पावती जोडली, म्हाताऱ्यांचे जबाब दिले. तरी दावा फेटाळला, कारण पण लिहून दिलं नाय. असा एखादा माणूस आपल्याकडे असता ना, साहेब घरी येऊन सातबारा देऊन गेला असता."

बाकीची पोरं हसली, पण ते हसणं खोटं होतं. मनात सगळ्यांच्या तेच होतं. मी तिथं नीट उत्तर दिलं नाही, म्हणून आज लिहितोय. ज्याला वाचता येतं त्याने हे पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवा, आणि पटलं नाही तर बैठकीत उभं राहून सांगा.

हा माणूस कोण होता

खरं नाव मल्लोजुला कोटेश्वर राव. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात करीमनगर जिल्ह्यातल्या पेद्दापल्लीचा. आदिवासी नव्हता, ब्राह्मण घरातला शिकलेला पोरगा होता. तेलंगणात त्या काळी गावोगाव 'दोरा' म्हणजे मोठे जमीनदार होते. त्यांच्या शेतात वेठ करायची, त्यांच्यासमोर चप्पल काढून चालायचं. १९७८ साली जगतियाल भागात शेतमजूर हजारोंनी बाहेर पडले आणि त्यांनी दोरांच्या विरोधात मोर्चे काढले. सरकारने काय केलं? जगतियाल आणि सिरसिल्ला हे भाग 'अशांत क्षेत्र' म्हणून जाहीर केले आणि पोलिस घुसवले. त्या धगीत ही पिढी तयार झाली. १९८० साली कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर पक्ष काढला, त्यात कोटेश्वर राव पहिल्यापासून होता. पुढे २००४ साली पीपल्स वॉर आणि बिहार-झारखंडकडचा एमसीसी एक झाले आणि माओवादी पक्ष झाला. बंगालकडचं काम किशनजीकडे होतं.

हे मुद्दाम सांगतोय. पेपरवाले लिहितात त्याप्रमाणे तो आकाशातून पडलेला राक्षस नव्हता. वेठबिगारीच्या मुळावर उगवलेला माणूस होता. जमिनीचा प्रश्न सरकारने मोर्चाच्या वेळी सोडवला असता, तर कित्येक जण बंदुकीकडे गेलेच नसते.

लालगढ आधी कोणाचं होतं

आता लालगढ. बंगालचा तेव्हाचा पश्चिम मेदिनीपूर जिल्हा. संथाळ, मुंडा, शबर, महातो अशी वस्ती. साल वृक्षाचं जंगल, पानं गोळा करून पोट भरायचं. त्याच जंगलपट्टीत आमलाशोल नावाच्या गावात २००४ साली शबर माणसं उपासमारीने मेली. तेव्हा कम्युनिस्ट म्हणवणाऱ्या डाव्या आघाडीचं राज्य होऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

२ नोव्हेंबर २००८ ला सालबोनीला पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली. मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य आणि केंद्रातले मंत्री परत जाताना वाटेत सुरुंग फुटला. मंत्री वाचले. मग पोलिस लालगढच्या गावांत शिरले. शाळकरी पोरं धरली. छोटोपेलिया गावात बायांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, एका बाईचा डोळा गेला. आपल्याला हे काही नवीन नाही. अतिक्रमण काढायच्या नावाखाली पहाटे पाड्यावर कोण येतं आणि कसं येतं, हे आपल्या बायांना विचारा.

पण पुढे लालगढच्या लोकांनी जे केलं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी झाडं पाडून, रस्ते खणून पोलिसांची वाट बंद केली. पोलिसी अत्याचाराविरोधी जनतेची कमिटी केली. गावागावात दहा जणांची समिती, पाच पुरुष आणि पाच बाया. मागणी काय? जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाने कान धरून माफी मागावी. ज्या पोलिसांनी बायांना मारलं त्यांनी नाक घासत गावापर्यंत यावं. कोणाचा जीव मागितला नाही. आधी इज्जत मागितली. शाळा-दवाखान्यांतून पोलिसांचे कॅम्प हलवावे लागले. लोकांनी स्वतः विहिरी खणल्या, रस्ते केले, कांटापहाडीला दवाखाना चालवला.

सात महिने हे चाललं. सरकारला काय करावं ते सुचेना, कारण समोर एक माणूस नव्हता, आख्खा मुलूख होता. धरायचं कोणाला?

मग किशनजी पुढे आला

जून २००९. धरमपूरला सीपीएमचं ऑफिस आणि त्यांच्या पुढाऱ्याचं मोठं घर लोकांनी फोडलं. टीव्हीवाले आले. आणि टीव्हीवर पाठमोरा किशनजी बोलू लागला. हे आम्ही चालवतो, आम्ही बुद्धदेवला मारायला निघालो होतो. माओवादी तिथे आधीपासून होते, हे खरं. पण त्या दिवसापासून लालगढच्या बायांचं नाव पेपरातून गेलं आणि एका माणसाचं नाव आलं.

सरकारला तर हेच पाहिजे होतं. १८ जूनला केंद्र आणि राज्याच्या फौजा आत घुसल्या. २२ जूनला केंद्राने माओवादी पक्षावर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये कमिटीचे छत्रधर महातो यांना पोलिसांनी पत्रकाराच्या वेशात जाऊन धरलं. ते उघडपणे सभा घेणारे, बोलणी करणारे गृहस्थ. जंगलात लपलेल्याला धरता आलं नाही, उजेडात बसलेल्याला धरलं. हे नेहमी असंच होतं.

दुसऱ्या बाजूनेही रक्त सांडलं, ते झाकून ठेवायचं कारण नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये शिलद्याच्या कॅम्पवर हल्ला करून २४ जवान मारले. ते पण पोटासाठीच भरती झालेले होते. गावात 'खबऱ्या' म्हणून शिक्का मारून माणसं मारली गेली. त्यात मोठे पुढारी किती होते? बहुतेक सगळे आपल्यासारखेच गरीब, सीपीएमचे साधे कार्यकर्ते, मास्तर, आदिवासी सुद्धा. खबऱ्या कोण हे ठरवलं कोणी? त्या दहा जणांच्या समितीने नाही. रात्री आलेल्यांनी ठरवलं. सीपीएमच्याही बंदुका होत्याच. जानेवारी २०११ मध्ये नेताई गावात त्यांच्या हत्यारबंद लोकांनी गोळीबार केला, नऊ माणसं मेली.

पोलिसांचा कॅम्प दिवसा विचारतो, रात्री कोणाला भाकर दिली. बंदूकवाले रात्री विचारतात, दिवसा कोणाशी बोललास. गडचिरोलीतल्या आपल्या भावांना हे पाठ आहे. ज्या गावात असे दोघं विचारणारे असतात, तिथे ग्रामसभा बोलत नाही. ती खाली मान घालून बसते.

आणि राजकारण

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट आपल्या तालुक्यातही घडते.

बंगालमध्ये ममता बॅनर्जी विरोधी पक्षात होत्या. त्यांना डाव्यांची गादी पाहिजे होती. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी लालगढला मोठी सभा घेतली. आपल्या मेधाताई पाटकर आणि स्वामी अग्निवेश पण त्या सभेला होते. त्याच्या आदल्या महिन्यात माओवाद्यांचा नेता आझाद आंध्रात मारला गेला होता. ममतांनी भर सभेत सांगितलं की ते मारणं बरोबर नव्हतं. त्याच्या आधीच किशनजीने, ममता मुख्यमंत्री व्हाव्यात असं म्हटल्याचं पेपरात छापून आलं होतं. दोघांचा वैरी एक होता.

मे २०११ मध्ये ३४ वर्षांचं डावं राज्य पडलं. ममता मुख्यमंत्री झाल्या. मध्यस्थ नेमले, बोलणी सुरू झाली, काही दिवस शस्त्रं थांबली. पण फौजा काही जंगलातून निघाल्या नाहीत, आणि तृणमूलच्या कार्यकर्त्यांचे खून पण थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये झाडग्रामच्या सभेत मुख्यमंत्र्यांनी सात दिवसांची मुदत दिली. नोव्हेंबरात पुन्हा मोहीम सुरू झाली. २४ तारखेला झारखंडच्या हद्दीजवळ बुरीशोलच्या जंगलात किशनजी पडला. आझादचं मारणं चूक म्हणणाऱ्या बाईंच्याच राज्यात. एका सभेपासून दुसऱ्या बातमीपर्यंत पंधरा महिने.

सरकार म्हणतं चकमक झाली. हक्कांचं काम करणाऱ्या संघटना आणि वरवरा राव म्हणतात, धरून, हाल करून मारलं. न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे, हे आपलं पण म्हणणं असलं पाहिजे. ते किशनजीसाठी नाही, आपल्यासाठी. ज्या राज्यात बंदूकवाल्याला कोर्टात न नेता मारायची सवय पोलिसांना लागते, तिथे उद्या मोर्चातला बिनबंदुकीचा माणूस पण 'नक्षलवादी' म्हणून लिहिला जातो. आपल्याला तसं म्हणून झालेलं आहेच. नाकेदारापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तो शब्द पाठ आहे.

आता त्या पोराचं उत्तर

बाळा, किशनजी असता तर साहेब सातबारा घेऊन आला असता, असं तू म्हणालास. लालगढमध्ये साहेब आला होता. मागे फौजेच्या गाड्या घेऊन आला. ज्या बाईचा डोळा गेला, तिच्या गावात नाक घासत कोणी आलं का? नाही. तो माफीचा प्रश्न बंदुकीच्या आवाजात हरवला. किशनजीला शोधता शोधता अडीच वर्षं गावं पिंजून काढली, शेकडो लोक तुरुंगात गेले. किशनजीचं नाव तरी राहिलं. त्याच्या गावी शेवटच्या दर्शनाला हजारो माणसं जमली. जेलमधल्या संथाळ पोरांची नावं तुला माहीत आहेत का? मला पण नाहीत.

आपल्या सातपुड्यात सुद्धा खाज्या नाईक झाला. १८५८ साली आंबापाणीला भिल्ल इंग्रजांच्या तोफांपुढे उभे राहिले. नाईकाला पुढे दगाबाजीने मारलं. त्याची आठवण आपण ठेवतो, ठेवलीच पाहिजे. पण नेवाडाची जमीन जी आज आपल्या ताब्यात आहे ती कशी टिकली? आपल्या आज्यांनी दंड भरला, जेल भोगली, पुन्हा येऊन नांगर धरला. १९७२ पासून शहाद्याकडे अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने माणसं उभी केली, मोर्चे काढले. बंदुकीशिवाय. सरकार त्याला पण घाबरत होतं, कारण एकाला उचललं तरी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहत होता.

मेंढा-लेखा तर गडचिरोलीतच आहे, दोन्हीकडच्या बंदुका होत्या तिथेच. त्या गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचं पासबुक केंद्राच्या मंत्र्याला गावात येऊन द्यावं लागलं. कोणी भीती घातली म्हणून नाही. ग्रामसभा वर्षानुवर्षं बसत होती म्हणून.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. आपले दावे फेटाळले, हे खरं. राग खरा आहे. तर तो राग कामाला लावू या. फेटाळल्याचं कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करा. पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून उठवता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे. तो कागद घरात ठेवा, नाकेदार आला की दाखवा. ग्रामसभेला २०११ साली दोन-तृतीयांश माणसं लागत होती; नियमाने लागतील तेवढी बसवा, आणि बायांना पुढे बसवा. निवडणुकीत जो पक्ष दारात येईल त्याला चहा पाजा, पण ग्रामसभेचा ठराव त्याच्या हातात देऊ नका. जो आज आपल्या बाजूने सभा घेतो, तो गादीवर बसल्यावर काय करतो ते लालगढने बघितलं.

आणि शेवटचं. आपला कोणी एक किशनजी नको, आणि कोणी एक 'दादा' पण नको. मी सुद्धा नको. एक माणूस असला की त्याला विकत घेता येतं, उचलता येतं, मारता येतं. पाच बाया आणि पाच पुरुष, प्रत्येक पाड्यावर, हे लालगढकडून घेण्यासारखं आहे. तेच तिथे सगळ्यात आधी मेलं, आणि त्याची बातमी कुठेच आली नाही.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!

(डिसेंबर २०११)