आधी काळी वायर बघा
दिवाळीत बाबांच्या जुन्या स्टँडर्ड हेराल्डने आम्ही सौंसरहून पांढुर्ण्याला निघालो. ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डचा हा अवतार 1961 पासून मद्रासला बनायचा. अंधार पडला अन् दिवे मिणमिणू लागले. रस्त्यातला बैल अगदी जवळ आल्यावर दिसला! दुसऱ्या दिवशी मी नवे बल्ब टाकले, तरी तेच. बाबा म्हणाले, "अर्थिंग पाहिलंस का?"

ब्रिटिश वायरिंगमध्ये निळी-पांढरी अप्परची, निळी-लाल डिपरची, काळी अर्थची. दिवे लावून बॅटरीचं अर्थचं टोक आणि दिव्याची काळी वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला. शून्याजवळ हवं, तिथे 2 व्होल्ट! 12 पैकी तेवढे गंजातच जात होते. पत्रा घासला, स्क्रू आवळला, दिवे लख्ख.

इंजिनिअर मी, पण मोजलं शेवटी. तुम्ही बल्ब आणण्याआधी मोजा.